राजीनाम्याआधीचे हिशेब : नोकरी सोडून व्यवसायात उतरणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

एका कारखान्याच्या देखभाल विभागात मी ११ वर्षे नोकरी केली आणि त्यांतील शेवटची तीन वर्षे रोज सकाळी फाटकाशी पोहोचल्यावर माझे पाय जड होत. आज मी कॉम्प्रेसर आणि पंप यांची दुरुस्ती व वार्षिक देखभाल करणारा लहानसा व्यवसाय चालवतो. मधल्या काळात काही गोष्टी मी योग्य क्रमाने केल्या, बऱ्याच उलट्या क्रमाने केल्या, आणि त्या उलट्या क्रमाचा भुर्दंड पुढची दोन वर्षे भरत राहिलो. धाडस कसे करावे हे सांगण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. कोणते काम कोणत्या कामाच्या आधी उरकावे, एवढेच येथे सांगायचे आहे.

१. नाराजीचे कारण आधी शोधा

नोकरी सोडणे हा एक निर्णय आहे आणि व्यवसाय सुरू करणे हा दुसरा. त्रासलेला माणूस हे दोन्ही निर्णय एकाच संध्याकाळी घेतो, आणि पहिल्या निर्णयातून मिळणाऱ्या सुटकेलाच दुसऱ्या निर्णयाची पात्रता समजून बसतो. म्हणून सहा आठवडे एक वही ठेवा. रोज घरी आल्यावर तीत दोनच ओळी लिहा : आज कशाचा त्रास झाला, आणि मी स्वतः मालक असतो तर हा त्रास झाला असता का.

माझ्या वहीत कामाच्या ३० दिवसांपैकी १७ दिवस एकाच वरिष्ठाविषयी लिहिलेले निघाले. तेवढेच कारण असते तर दुसऱ्या विभागात बदली किंवा दुसरी नोकरी पुरेशी ठरली असती, आणि ती व्यवसायापेक्षा कितीतरी स्वस्त पडली असती. उरलेल्या नोंदींमध्ये मात्र एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती. जे यंत्र मी उघडून पाहिले होते, त्याविषयीचा निर्णय ते कधीच न पाहिलेली माणसे घेत होती. ही तक्रार नोकरी बदलून मिटणार नव्हती.

आणखी एक शक्यता तपासायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, म्हणजे २०१९ साली स्वीकारलेल्या आवृत्तीत, कामातून येणाऱ्या टोकाच्या थकव्याची व्याख्या दिलेली आहे. त्याला तेथे आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण आटोक्यात न आल्याने उद्भवणारी ती अवस्था मानली आहे, आणि तिची तीन लक्षणे सांगितली आहेत : शक्ती संपून गेल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. ही तिन्ही लक्षणे तुमच्यात असतील तर आधी विश्रांती घ्या आणि गरज वाटल्यास डॉक्टरांना भेटा. व्यवसायाचे पहिले वर्ष त्याच शक्तीवर काढायचे असते, आणि ती शक्ती नोकरीतच संपलेली असेल तर भांडवल असूनही हात चालत नाहीत.

२. नियुक्तीपत्र शब्दशः वाचा

ज्या कागदावर तुम्ही रुजू होताना घाईघाईत सही केली, तो आता शांतपणे वाचायचा आहे. त्यात पाच कलमे शोधा : सूचना कालावधी, नोकरीत असताना दुसरे काम करण्यावरील बंदी, नोकरी सोडल्यानंतर स्पर्धा न करण्याची अट, कंपनीचे ग्राहक व सहकारी न फोडण्याची अट, आणि नोकरीच्या काळात तुम्ही निर्माण केलेल्या गोष्टींवरील मालकी. प्रशिक्षणाचा खर्च वसूल करण्याची अट असेल तर तिची मुदत कधी संपते तेही पाहा.

मालकीचे कलम लोक सर्वात हलके घेतात. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियाक ह्यूलेट-पॅकार्डमध्ये नोकरीला असतानाच त्यांनी आपला संगणक बनवला होता, आणि कंपनीने तो आपल्याला नको असे म्हटल्यावरच तो बाहेर विकण्याचा मार्ग मोकळा झाला. ॲपलची स्थापना १९७६ सालची, तरी नोकरी त्यांनी त्यानंतरच सोडली. तुमची कल्पना इतकी मोठी नसेलही, परंतु कंपनीच्या संगणकावर, कंपनीच्या वेळात तयार केलेला साधा तक्तासुद्धा उद्या वादाचा विषय होऊ शकतो.

स्पर्धा न करण्याच्या अटीबाबत देशागणिक कायदा वेगळा आहे. भारताचा करार कायदा आणि कॅलिफोर्नियाची दिवाणी संहिता ही दोन्ही १८७२ सालची, आणि दोन्हीकडे नोकरी संपल्यानंतर माणसाला त्याचा व्यवसाय करण्यापासून रोखणारी अट साधारणपणे टिकत नाही. इतर अनेक ठिकाणी मात्र ती वाजवी मुदतीपुरती टिकते. गोपनीयतेचे बंधन या सर्वांहून वेगळे आहे आणि ते बहुतेक सर्वत्र टिकते. या एका प्रश्नासाठी वकिलाला तासाभराचे शुल्क देणे मला जड वाटले होते. त्यानंतर केलेल्या कुठल्याही खर्चाने मला इतकी शांत झोप दिली नाही.

३. पहिला ग्राहक आधी, राजीनामा नंतर

नोकरी सोडून पूर्ण वेळ झोकून दिल्याशिवाय व्यवसाय उभा राहत नाही, हे वाक्य तुम्हाला अनेकजण ऐकवतील. विस्कॉन्सिन विद्यापीठातील दोन संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याच्या उलट चित्र दिसले : नोकरी करत व्यवसाय सुरू करून नंतर पूर्ण वेळ त्यात उतरलेल्यांचा व्यवसाय बंद पडण्याचा धोका, थेट नोकरी सोडणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने कमी होता. यामागचे एक कारण मला माझ्या अनुभवावरून पटते. पगार चालू असताना माणूस वाईट ग्राहकाला नाही म्हणू शकतो आणि चुकीचा दर दुरुस्त करू शकतो.

बाजारपेठ तपासताना मित्रांना आणि नातेवाइकांना विचारू नका, कारण ते तुमच्या कल्पनेविषयी बोलत नाहीत, तुमच्याविषयी बोलतात. ज्याला ती अडचण खरोखर आहे अशा १५ ते २० माणसांना भेटा आणि भविष्याविषयी एकही प्रश्न विचारू नका. "आम्ही अशी सेवा दिली तर घ्याल का?" या प्रश्नाला सगळेच होकार देतात. त्याऐवजी मागच्या वेळी यंत्र बंद पडले तेव्हा कोणाला बोलावले, किती तास काम अडले, किती पैसे गेले आणि त्या माणसाला पुन्हा बोलावले का, हे विचारा. शेवटी एक छोटे काम ठरलेल्या दराने आणि आगाऊ रकमेसह मागा. आगाऊ रक्कम देताना माणसाचा चेहरा बदलतो, आणि तेथेच तुम्हाला खरे उत्तर मिळते. मी भेटलेल्या १८ जणांपैकी १४ जणांनी कौतुक केले आणि तिघांनी पैसे दिले. राजीनाम्याचा विचार मी त्या तिघांच्या भरवशावर केला.

हे सर्व सुटीच्या दिवशी, स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या अवजारांनी आणि मालकाच्या ग्राहकांना वगळून करायचे आहे. नियुक्तीपत्रात दुसऱ्या कामास सरसकट बंदी असेल तर पैसे घेण्याची पायरी सूचना कालावधी संपेपर्यंत पुढे ढकला आणि तोवर केवळ विचारपूस करा.

४. चार हिशेब मांडा

हा या लेखाचा सर्वात महत्त्वाचा भाग आहे, आणि घाईत हाच गाळला जातो. मीही गाळला होता.

*घरखर्चाचा हिशेब.* मागील १२ महिन्यांचे बँक खातेउतारे काढा आणि प्रत्यक्ष गेलेली रक्कम मोजा. अंदाजाने सांगितलेला घरखर्च नेहमी कमी निघतो, कारण विम्याचे हप्ते, शुल्क, आजारपण, लग्नकार्ये आणि घरातील दुरुस्त्या दर महिन्याला येत नाहीत आणि म्हणून आठवत नाहीत. बारा महिन्यांची बेरीज १२ ने भागली की खरा मासिक आकडा मिळतो. असे किमान नऊ महिने निघतील एवढी रक्कम घरासाठी वेगळी असावी आणि ती व्यवसायाच्या भांडवलात धरू नये.

*दराचा हिशेब.* पगारातून तासाचा दर काढून तोच ग्राहकाला सांगणे ही नवख्या माणसाची ठरलेली चूक आहे. नोकरीत वर्षाला ४८ आठवडे आणि आठवड्याला ४० तास धरले तर १,९२० तासांचा पगार मिळतो. व्यवसायात यांतील निम्मे तास प्रवास, दरपत्रके, वसुली, खरेदी आणि हिशेब यांत जातात, म्हणजे बिल लावता येतील असे तास उरतात ९६०. तेवढेच घरी न्यायचे तर दर दुप्पट हवा. त्यातही एकूण उत्पन्नाच्या ३० टक्के रक्कम धंद्याच्या खर्चात जाणार असेल तर दोनाला ०.७ ने भागा. उत्तर सुमारे २.८६ येते. पगाराच्या तासाच्या जवळजवळ तिप्पट दर सांगताना जीभ अडखळते हे मला ठाऊक आहे, पण तो नफेखोरीचा आकडा नव्हे. कर आणि आजारपणाचे दिवस यांत अजून धरलेलेच नाहीत.

*ना-नफा-ना-तोटा हिशेब.* काम मिळो वा न मिळो, दर महिन्याला होणारा खर्च स्थिर असतो : भाडे, वाहन, विमा, मदतनिसाचा पगार आणि तुम्ही स्वतःसाठी घेणार असलेली रक्कम. हा खर्च ९० आहे असे समजा. प्रत्येक १०० च्या बिलामागे सुटे भाग आणि प्रवास यांवर ४० जात असतील तर हाती ६० उरतात. ९० ला ०.६ ने भागल्यावर १५० येतात. म्हणजे महिन्याला १५० ची बिले झाली तरच तुम्ही काठावर आहात.

*रोकडीचा हिशेब.* आता हेच आकडे काळाच्या पट्टीवर ठेवा. दर महिन्याला १५० ची बिले होतात, म्हणजे कागदावर तोटा नाही. मात्र ग्राहक तीन महिन्यांनी पैसे देतो. सुटे भाग रोखीने घ्यावे लागतात, स्थिर खर्च थांबत नाही, म्हणून दर महिन्याला ६० अधिक ९० असे १५० बाहेर जातात आणि पहिली रक्कम येईपर्यंत ४५० ची विहीर पडते. काम दुप्पट झाले तर? बिले ३००, खर्च १२० अधिक ९०, म्हणजे महिन्याला ९० चा नफा. आणि तरीही तीन महिन्यांत ६३० ची गरज. नफा वाढला आणि विहीरही खोल झाली. व्यवसाय वाढल्यामुळे बुडू शकतो, हे मला कोणी आधी सांगितले असते तर मी ते चेष्टेवारी नेले असते.

याचा उपाय हिशेबातच आहे. निम्मी रक्कम आगाऊ घेतली की पहिल्या उदाहरणातील महिन्याची तूट १५० वरून ७५ वर येते, आणि एकूण गरज ४५० ऐवजी २२५ होते. आगाऊ रकमेतून सुटे भागही सुटतात. म्हणूनच दर कमी करण्याची वेळ आली तर करा, पण आगाऊ रक्कम सोडू नका.

या चार हिशेबांनंतर एक आकडा ठरवावा : हे सगळे फसले तर मी किती गमावू शकतो. उद्योजकतेचे अभ्यासक याला परवडणारे नुकसान म्हणतात. किती मिळेल हे कोणालाच सांगता येत नाही, किती घालवायचे हे मात्र तुमच्या हातात असते.

५. पगार चालू असतानाच उरकायची कामे

कर्ज, क्रेडिट कार्डची मर्यादा आणि घराचा भाडेकरार हे सर्व पगारपत्रिकेवर सहज मिळते. नव्या व्यावसायिकाकडे मात्र बहुधा दोन-तीन वर्षांचे हिशेब मागितले जातात. याचा अर्थ उसनवारी करून धंदा सुरू करावा असा नाही, अडीअडचणीची सोय आधी करून ठेवावी एवढाच आहे. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून स्वतःचा विमा आधी घ्या. त्यात काही आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी असतो आणि तो जितक्या लवकर सुरू होईल तितके बरे.

जवळ ठेवायची कागदपत्रे अशी :

- नियुक्तीपत्र, बढतीची व पगारवाढीची सर्व पत्रे
- मागील १२ महिन्यांच्या पगारपत्रिका आणि मागील तीन वर्षांची करविवरणे
- निवृत्तिवेतन किंवा भविष्य निर्वाह खात्याचा क्रमांक, शिल्लक आणि नामनिर्देशन
- प्रशिक्षणाची व कौशल्याची मूळ प्रमाणपत्रे
- शिल्लक रजा आणि येणे रकमा यांचा लेखी तपशील
- नोकरी संपल्यावर मिळवायचे कार्यमुक्ती पत्र, अनुभवपत्र आणि कंपनीच्या वस्तू परत केल्याची पोच

जे घ्यायचे नाही त्याची यादी लहान आहे. ग्राहकांची नावे, दरांचे तक्ते, रेखाचित्रे आणि कंपनीच्या कामाचे ईमेल यांपैकी काहीही स्वतःकडे पाठवू नका. शेवटच्या आठवड्यांतील अशा हालचाली सर्वात सहज सापडतात.

६. घरच्यांपुढे आकडे ठेवा

"सगळे नीट होईल" हे घरच्यांना सांगू नका. किती महिने पगार येणार नाही, कोणते खर्च थांबतील, कोणती रक्कम काहीही झाले तरी वापरली जाणार नाही आणि पुन्हा कोणत्या तारखेला एकत्र बसायचे, हे चार मुद्दे कागदावर लिहून द्या. माझ्या पत्नीने त्या कागदावर पाचवा मुद्दा घातला : रात्री आठनंतर ग्राहकांचे फोन घ्यायचे नाहीत. तो मुद्दा मी सर्वाधिक वेळा मोडला आणि सर्वाधिक भांडणे त्यावरूनच झाली.

७. व्यवसायाचे रूप ठरवा

एकट्याने सुरुवात करणार असाल तर एकल मालकी सर्वात सोपी असते, परंतु तीत धंद्याचे देणे हे तुमचे वैयक्तिक देणे ठरते. मर्यादित दायित्वाच्या कंपनीत ही भिंत मिळते, मात्र तिचे हिशेब आणि विवरणपत्रे यांचा खर्च दरवर्षी येतो. तुमच्या कामात कोणाला इजा होण्याची किंवा मोठे नुकसान होण्याची शक्यता असेल तर तो खर्च आणि दायित्व विमा दोन्ही करा. नोंदणी, परवाने आणि कर यांचे नियम तुमच्या ठिकाणच्या हिशेबनिसाकडून लेखी घ्या.

भागीदार असेल तर मैत्री कितीही जुनी असो, करार लिहा. कोण किती वेळ देणार, मतभेदात अंतिम शब्द कोणाचा आणि एकजण मध्येच निघाला तर त्याच्या वाट्याचे काय, ही तीन उत्तरे त्यात हवीतच. नव्या कंपन्यांत वाटा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळण्याची आणि पहिल्या वर्षाच्या आत निघाल्यास काहीच न मिळण्याची रीत आहे, आणि ती लहान धंद्यालाही लागू पडते.

पहिल्या दिवसापासून दोन बँक खाती उघडा : एक व्यवसायाचे आणि दुसरे केवळ करासाठी. प्रत्येक जमा रकमेतील कराचा भाग त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात टाका, नाहीतर तो पैसा आपलाच वाटू लागतो.

८. राजीनामा द्या

पत्र चार ओळींचे असावे : राजीनाम्याची तारीख, सूचना कालावधीनुसार येणारा शेवटचा दिवस, काम सोपवून देण्याची तयारी आणि आभार. कारणे लिहू नका आणि निरोपाच्या मुलाखतीत ११ वर्षांचा हिशेब चुकता करू नका. उद्या तोच माणूस दुसऱ्या कंपनीत खरेदी अधिकारी होऊन तुमच्यासमोर बसू शकतो.

बोनस, शिल्लक रजा किंवा निवृत्तिलाभ यांची पात्रता कोणत्या तारखेला पूर्ण होते ते पाहून पत्राची तारीख ठरवा. काही कंपन्या पत्र मिळताच प्रवेश बंद करतात, म्हणून वैयक्तिक वस्तू आधीच घरी आणा. उलट काही ठिकाणी पगारवाढ देऊन थांबवण्याचा प्रयत्न होतो. मला तसा प्रस्ताव आला तेव्हा मी घरी येऊन पहिल्या पायरीतील वही उघडली. तिच्यात पगाराविषयीची एकही नोंद नव्हती.

९. पहिले ९० दिवस

काम पूर्ण होईल त्याच दिवशी बिल पाठवा. मी सुरुवातीला महिनाअखेरीस सर्व बिले एकदम करीत असे, आणि त्यामुळे ग्राहकाच्या उधारीत माझ्याच हाताने सरासरी दोन आठवड्यांची भर पडत असे. पुढील १३ आठवड्यांचा रोकड तक्ता ठेवा : प्रत्येक आठवड्यात काय येणार, काय जाणार आणि शिल्लक किती. दर सोमवारी तो अर्धा तास अद्ययावत केला की अडचण दोन महिने आधी दिसते.

एकाच ग्राहकाकडून एकूण उत्पन्नाच्या ४० टक्क्यांहून अधिक रक्कम येऊ लागली की सावध व्हा. माझ्याकडे हे प्रमाण एका वेळी ७० टक्के झाले होते. त्या ग्राहकाने उधारीची मुदत ३० दिवसांवरून ९० दिवसांवर नेल्याचे एका ओळीत कळवले आणि मला ते मान्य करावे लागले. नोकरीतला वरिष्ठ गेला होता, त्याच्या जागी दुसरा आला होता, आणि त्याला नेमले मीच होते.

अवजारे आणि वाहन लगेच विकत घेऊ नका. एखादे यंत्र तीन वेळा भाड्याने आणावे लागले की ते घेण्याचा विचार करा.

१०. थांबण्याच्या अटी आधी लिहा

अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाच्या नोंदींनुसार तेथील नवीन आस्थापनांपैकी सुमारे एक पंचमांश पहिल्याच वर्षात बंद होतात आणि पाच वर्षांत जवळपास निम्म्या. म्हणून बंद करण्याचा विचार सुरुवातीलाच, डोके शांत असताना करावा. एका कागदावर तीन अटी लिहा : राखीव रक्कम कोणत्या आकड्याखाली गेली की थांबायचे, कोणत्या महिन्यापर्यंत काठावरचा आकडा गाठायचा, आणि प्रकृतीची किंवा घरची कोणती परिस्थिती आली की बाकी काही न पाहता थांबायचे. त्याखाली पुन्हा नोकरी शोधायची झाल्यास ज्यांना फोन करता येईल अशा पाच माणसांची नावे लिहा आणि त्यांच्याशी वर्षातून दोन-तीनदा तरी बोलत राहा.

आठव्या महिन्यात माझी शिल्लक पहिल्या अटीच्या अगदी जवळ आली होती. तो आकडा थोडा खाली आणावा असे मला वाटले आणि त्यासाठी माझ्याकडे उत्तम कारणेही होती. कागद मात्र पत्नीच्या कपाटात होता. अट न बदलता एक मदतनीस अर्धवेळ केला, दोन जुन्या ग्राहकांकडे स्वतः जाऊन बसलो आणि थकलेली रक्कम घेऊनच उठलो. तुमचाही कागद तुमच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी, घरातील दुसऱ्या कोणाकडे तरी ठेवायला द्या.